शेवटच्या पानावरचा बाप्तिस्मा

स्वागताध्यक्षांनी मला ‘शांतीचा दूत’ म्हटलं. चुकले ते. मी आज भांडायला उभा आहे.

स्पर्धेला आलेल्या तुमच्या कथा मी वाचल्या. बहुतेकींत एक दारुडा, एक अपघात, दवाखान्यात प्रार्थना करणारे पाळकसाहेब आणि शेवटच्या पानावर बाप्तिस्मा. त्या दारुड्याला गाव नाही. तो मोहाची पितो की देशी, आणतो कुठून, पत्ता नाही. अहो, गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदीच्या जिल्ह्यात बायबलातलं काना गावचं लग्न आणि पाण्याचा झालेला द्राक्षारस सांगताना पाळकाची जी तारांबळ उडत असेल, तीच कथा होती की! ती कोणाला सुचली नाही.

आता भाषा. बी पेरणाऱ्याचा बायबलातला दाखला तुम्ही सगळे सांगता. पण आपल्या धानाच्या मुलखात आधी पऱ्हे, म्हणजे रोपं टाकतात, मग चिखलात रोवणा होतो. एकेक रोप हातानं लावणाऱ्या बाईला, बी खडकावर पडतंच कसं, हा प्रश्न पडणार. तुम्ही तिला ओलांडून पुढे जाता. आपल्याकडे आवत्याही आहे ना, बी फोकून केलेली धानाची पेरणी? तो एक शब्द लिहा, दाखला थेट बांधीत उतरतो. आपल्या या झाडीबोलीची लाज कसली वाटते? वडशाच्या नाटक कंपन्यांचं नाटक रात्रभर बसून पाहणारी माणसं तुमची दोन पानं का वाचत नाहीत, याचा कधी विचार केलात? फादर स्टीफन्स इंग्लंडचे. त्यांनी १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापलं ते ओवीत. परक्यानं आपला छंद उचलला. आपण मात्र अजून भाषांतराचा सूर धरून बसलो आहोत.

आणि लक्ष्मीबाई टिळक! भाषणात त्यांचं नाव घ्यायला सगळे पुढे. पण ‘स्मृतिचित्रे’ वाचताना शिकलात काय? १८९५ साली त्यांच्या नवऱ्यानं, टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला तेव्हा बाईंवर आभाळ कोसळलं, आणि त्यांनी ते तसंच लिहिलं. नवऱ्याचा तापटपणा लिहिला, घरात न टिकणारा पैसा लिहिला, स्वतःचं सोवळं लिहिलं, आणि त्यावर हसल्याही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला हे धाडस होतं. आपण एम.ए. झालेले लोक मंडळीच्या वार्षिक अहवालासारख्या कथा लिहितो.

आपल्यात अजून सोयरीक जमताना जात विचारली जाते. आहे तुमच्या एका तरी कथेत? १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्या दलिताची अनुसूचित जातीची सवलत जाते. म्हणून सरकारी दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, अशी घरं आहेत. त्या घरातलं पोर शाळेचा फॉर्म भरताना आईकडे बघतं, ती नजर कोणी लिहायची? त्यांची नावं उघडी पाडू नका, एवढं पथ्य पाळा. बाकी सगळं लिहा. बल्लारपूरच्या बाजूला मराठी, मल्याळम, तेलुगू बोलणारे ख्रिस्ती शेजारीशेजारी राहतात. कोण कोणत्या भाषेत रडतं, एवढं टिपलंत तरी कादंबरी होईल.

तुमची हस्तलिखितं त्या टेबलावर आहेत. जेवणाआधी घेऊन जा. शेवटच्या पानावरचे बाप्तिस्मे मी पेन्सिलीनं खोडले आहेत. ज्याला राग येईल त्यानं मंडपामागे यावं, मी तिथंच चहा घेत बसणार आहे.