रिस्पाचा पहारा

यहुद्यांच्या धर्मग्रंथांत निष्ठावान स्त्रियांची उणीव नाही. सासूची साथ न सोडणारी रूथ आणि आपल्या लोकांसाठी न बोलावता राजापुढे जाणारी एस्तेर यांच्या नावे तर एकेक पुस्तकच आहे. आज जिच्याविषयी बोलावयाचे आहे, तिच्या वाट्याला शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील मोजकी वचने आली आहेत. आणि त्यांत तिच्या तोंडी एकही शब्द नाही. तिचे नाव रिस्पा.

इस्राएलाचा पहिला राजा शौल, त्याची ही उपपत्नी. शौल रणात पडल्यावर त्याचा सेनापती अबनेर याच्यावर तिच्यावरून आळ आला. तो चिडून दावीदाच्या पक्षाला मिळाला. राज्य फिरले, पण या साऱ्या प्रकरणात रिस्पाला कोणी काही विचारल्याची नोंद नाही.

पुढे दावीदाच्या राज्यात सलग तीन वर्षे दुष्काळ पडला. कारण असे निघाले की, गिबोनी लोकांना यहोशवाच्या काळी शपथपूर्वक अभय दिलेले असता शौलाने त्यांची कत्तल केली होती. गिबोन्यांनी सोने-रुपे नाकारले व शौलाच्या वंशातील सात पुरुष मागितले. राजाने ते दिले. योनाथानाचा पुत्र मात्र त्याने वाचविला, कारण योनाथानाशी त्याची आणभाक झाली होती. एका शपथेपायी सात जण गेले आणि दुसरीमुळे एक वाचला! त्या सातांत दोघे रिस्पाचे पुत्र होते. उरलेले पाच शौलाच्या कन्येचे.

सातूच्या कापणीच्या आरंभी त्यांना डोंगरावर टांगण्यात आले. टांगलेले प्रेत त्याच दिवशी पुरावे, अशी अनुवाद ग्रंथातील आज्ञा आहे. ती येथे पाळली गेली नाही. तेव्हा रिस्पाने गोणपाट घेतले, खडकावर अंथरले आणि ती तेथे बसली. दिवसा पाखरांना आणि रात्री श्वापदांना तिने त्या देहांना शिवू दिले नाही. आकाशातून पाऊस पडेपर्यंत ती तेथून हलली नाही. त्या देशात सातूची कापणी एप्रिलच्या सुमारास होते आणि पावसाळा ऑक्टोबरात लागतो. काही भाष्यकार हा पाऊस अवकाळी मानून तो काळ थोडका ठरवितात. पण डोंगरावरची एक रात्र तरी कशी गेली असेल, याची कल्पना आपण करावी. आणि राखण केवळ आपल्या दोघांची नव्हती, सातांचीही होती.

ग्रीकांची अँटिगनी राजाज्ञा मोडते आणि राजाशी वाद घालते. रिस्पा यांतले काहीच करीत नाही. तिने प्रेते खाली उतरविली नाहीत. पदच्युत घराण्यातील ती विधवा; तिच्या पाठीशी कोण उभे राहणार? तिने अर्ज केला नाही, गाऱ्हाणे घातले नाही. ती नुसती तेथे राहिली, आणि ते साऱ्यांना दिसत राहिले.

‘रिस्पाने काय केले ते दावीदाला कळविण्यात आले,’ अशा आशयाचे वाक्य पुढे येते. कोणी कळविले, ते लिहिलेले नाही. सरकारी दप्तरात बरीच वर्षे काढल्यामुळे असेल, पण मी या वाक्यापाशी नेहमी थांबतो. राजाला नको असलेली हकिकत त्याच्या कानी घालणारा कोणी अनामिक सेवक तेथे होता खरा.

दावीदाने ती ऐकली. याबेश-गिलाद येथून शौलाच्या व योनाथानाच्या अस्थी त्याने स्वतः जाऊन आणल्या, टांगलेल्या सातांच्याही गोळा करविल्या. बन्यामिनाच्या प्रदेशात शौलाचा पिता कीश याच्या थडग्यात दफन झाले. देवाने देशासाठी केलेली विनवणी ऐकली, असे ग्रंथकार त्यानंतर लिहितो. सात जणांना टांगल्यावर त्याने तसे लिहिलेले नाही. हा क्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे.

दफनाच्या वेळी रिस्पा तेथे होती की नव्हती, ते सांगितलेले नाही. लगेच पुढे पलिष्ट्यांशी नवे युद्ध सुरू होते, आणि तिचे नाव त्या कथेत पुन्हा येत नाही.