पाठीतली गळती आणि कोडचा घोळ

मागच्या भागानंतर बऱ्याच नव्या कोडर मुलामुलींनी एकच विचारलं. चार्टमध्ये नुसतं ‘सीएसएफ लीक’ लिहिलंय, कोड कुठला टाकू?

सीएसएफ म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी. त्याचं आवरण, म्हणजे ड्युरा, फाटलं की पाणी झिरपतं. मग उठून बसलं की डोकं ठणकतं, आडवं झालं की बरं वाटतं. बिचारे पेशंट महिनोन्‌महिने मायग्रेनच्या गोळ्या खात बसतात.

आपण अमेरिकेचे क्लेम करतो, म्हणजे आयसीडी-१०-सीएम. तिथे आधी सगळ्यांना मिळून जी९६.० हा एकच डबा होता. १ ऑक्टोबर २०२० पासून त्याचे कप्पे झाले. आपोआप झालेली गळती कवटीतून असेल तर जी९६.०१, मणक्यातून असेल तर जी९६.०२. मार लागून किंवा ऑपरेशननंतरची असेल तर कवटीला जी९६.०८, मणक्याला जी९६.०९. आणि जागा-कारण काहीच नसेल तर जी९६.००. हा शेवटचा आळशाचा कोड आहे हो! आधी पूर्ण नोट वाचा, तरी नाही सापडलं तर डॉक्टरांना क्वेरी टाका.

आता खड्डा कुठेय? सुई. पाठीत सुई घालून पाणी काढलं आणि त्याच भोकातून गळतंय, तर जी९७.०. तिथे जी९६.० चा कुठलाच कप्पा लावायचा नाही, एक्स्क्लूड्स-वन आहे. आणि बाळंतिणीला एपिड्युरलनंतर डोकेदुखी लागली असेल तर आधी ‘ओ’चं प्रकरण उघडा: ओ८९.४.

माझी एक चूक सांगते. ओपीडीच्या नोटमध्ये ‘रूल आउट स्पायनल लीक’ होतं, मी बिनधास्त जी९६.०२ टाकला. ऑडिटरने परत पाठवला. मी माझ्या ॲक्युरसीच्या टक्क्यांवरून भांडत बसले. नंतर लक्षात आलं, त्या बाईच्या फाइलला मी न ठरलेला आजार चिकटवला होता. ओपीडीत शंका कोड करत नाहीत, लक्षण करतात. नोटमध्ये उठल्यावर वाढणारी डोकेदुखी होती, म्हणजे आर५१.०.

आणि हो, डॉक्टरांनी ‘स्पॉन्टेनिअस इंट्राक्रेनियल हायपोटेन्शन’ स्पष्ट लिहिलं असेल, तर जी९६.०२ बरोबर जी९६.८११ सुद्धा जोडा. नुसता एमआरआय बघून मात्र आपण ठरवायचं नाही.