छपराचा गंज

अमेरिकेंतील एका शेतावर, कोठाराच्या आडोशाला, एक जुनी शेव्हरोले पिकअप उभी आहे असें समजा. १९६७ ते १९७२ या सालांत निघालेल्या नमुन्यांपैकीं ती एक. आजोबांनीं तिच्यांतून गवताचे भारे वाहिले, वडिलांनीं लांकूडफाटा वाहिला. आतां नातू ती पुन्हां रस्त्यावर आणूं पाहतो. इंजिन सुरू होतें, चाकें फिरतात. परंतु दाराच्या वर, छपराच्या कडेला, रंगाखालीं वाटाण्याएवढा एक फोड त्याच्या नजरेस पडतो. तो नखानें खरवडतो. रंगाचा पापुद्रा सुटतो, त्याखालून तांबूस भुकटी गळते, आणि हातांतील टोचा पत्र्यांतून सहज आरपार जातो. वाटाण्याएवढ्या फोडाखालीं तळहाताएवढा पत्रा निकामी झालेला असतो.

येथें त्याच्यापुढें दोन वाटा असतात. खड्डा लांबीनें भरावा, घासून सपाट करावा आणि वर रंग द्यावा, ही एक वाट. हें काम दोन दिवसांचें. कुजलेला पत्रा कापून काढावा आणि तेथें नवा बसवावा, ही दुसरी. या कामास कित्येक आठवडे लागतात. कोणती वाट धरावी हें ठरविण्यापूर्वीं हा गंज तेथें आला कसा, हें समजून घेतलें पाहिजे.

प्रारंभींच्या मोटारींच्या छपराला गंजण्याचें भय फारसें नव्हतें, कारण तीं छपरें बहुधा कापडाचीं असत. फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं २८१ डॉलर किमतीची पिकअप कारखान्यांतून तयार करून विकावयास काढली, तिलाहि कापडीच टप होता. पुढें रुंद पोलादी पत्रे लाटणाऱ्या गिरण्या निघाल्या, आणि १९३५ च्या नमुन्यांपासून जनरल मोटर्सनें आपल्या मोटारींस एकसंध पोलादी छप्पर दिलें. ट्रकांच्या केबिनीहि याच मार्गानें गेल्या. कापड फाटण्याची चिंता मिटली. परंतु पाण्याशीं असलेलें जुनें वैर मिटलें नाहीं. तें केवळ छपराच्या मध्यावरून कडेच्या सांध्याकडे सरकलें.

वर सांगितलेल्या पिकअपचें छप्पर दुहेरी आहे. बाहेरचा पत्रा निराळा, आंतला निराळा. दोन्हींच्या कडा एकमेकींवर दाबून ठराविक अंतरावर विजेच्या डागांनीं जोडलेल्या असतात. दारांच्या वर, याच सांध्यालगत, एक बारीक पन्हळ काढलेली असते. छपरावरचें पाणी दारांतून आंत न येतां बाजूला वाहून जावें, हा तिचा हेतु. सांध्याची फट कारखान्यांतच लवचीक लुकणानें बुजविलेली असते. परंतु वीसपंचवीस वर्षें ऊन आणि थंडी खाल्ल्यावर तें लुकण कडक होतें आणि त्याला केंसासारखी चीर पडते. त्या चिरेंतून पाणी आंत शिरतें. बाहेर येण्यास मात्र त्याला वाट नसते. शिवाय थंडीच्या रात्रीं पत्र्याच्या आंतल्या अंगाला दंव धरतें, तेंहि उतरत उतरत त्याच सांध्यांत येऊन मुरतें. उत्तरेकडील राज्यांत हिंवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यानें केबिनीचे खालचे कोपरे खाल्ले जातात. परंतु छपराचा हा गंज मिठावांचूनहि होतो. त्याला कोंडलेलें पाणी पुरेसें असतें.

अशा बंद फटींत लोखंड अधिक वेगानें कां झिजावें, याचा उलगडा केंब्रिज येथील शास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांच्या एका साध्या प्रयोगानें होतो. स्वच्छ लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला, तर थेंबाच्या कडेला हवेंतील प्राणवायु भरपूर पोंचतो आणि मध्यभागीं कमी पोंचतो. साहजिक कल्पना अशी, कीं जेथें प्राणवायु अधिक तेथें लोखंड अधिक खाल्लें जाईल. प्रत्यक्षांत घडतें उलट. प्राणवायु जेथें कमी, त्या मध्यभागींच लोखंड विरघळतें, आणि गंजाचें कडें मात्र त्याच्या भोंवतीं बाजूला दिसतें. म्हणजे गंज दिसतो एके ठिकाणीं आणि लोखंड झिजतें दुसरे ठिकाणीं. सांध्याच्या आंत अगदीं हेंच चालतें. त्यांत भर अशी, कीं गंज हा मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो; तो पाचरीप्रमाणें दोन पत्र्यांना दूर सारतो, फट रुंदावते, आणि आणखी पाणी शिरतें. बाहेरचा फोड ही या रोगाची सुरुवात नव्हे. तो त्याचा शेवटचा टप्पा होय.

तरी सर्वच गंज सारखा नसतो. नैर्ऋत्येकडील कोरड्या राज्यांत उन्हानें छपराचा रंग जळतो आणि पत्र्यावर तांबूस थर चढतो. पण टोचा लावून पाहिला तर पत्रा ठणठणीत लागतो. अशा छपराला कापण्याचें कारण नाहीं. तें चकचकीत होईपर्यंत घासावें, बारीक छिद्रांत उरलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्लाचा हात द्यावा, तें धुऊन वाळवावें, आणि मग एपॉक्सीचें अस्तर देऊन रंगवावें. लोहचुंबक, टोचा आणि आंतून धरलेला दिवा एवढ्या तीन साधनांनीं बहुतेक परीक्षा होते. चुंबक चिकटेनासा झाला कीं तेथें पूर्वीं कोणीं तरी लांबी भरलेली आहे, असें समजण्यास हरकत नाहीं.

सांधाच कुजला असेल, तर मात्र कापण्यावांचून गत्यंतर नाहीं. आणि कापण्यापूर्वीं एक गोष्ट विसरतां कामा नये. या पिकअपांची पेट्रोलची टाकी केबिनींतच, बैठकीच्या पाठीमागें असते. १९७३ च्या नमुन्यापासून ती तेथून हलविण्यांत आली. छपराला डाग देतांना उडणाऱ्या ठिणग्या नेमक्या त्या टाकीवर पडतात. टाकी नुसती रिकामी केली म्हणजे भागतें, ही समजूत घातक आहे. रिकाम्या टाकींतील वाफ द्रव पेट्रोलाहूनहि भयंकर ठरूं शकते. टाकी संपूर्ण काढून दूर ठेवावी. छपराचें आंतील अस्तर, बैठक आणि कांचाहि काढाव्या. घाईपायीं येथें जें गमावलें जाईल, तें कोणत्याहि जुन्या गाडीहून मोलाचें असेल.

मग केबिनीला आंतून आडवे टेकू देऊन तिचा आकार बांधून घ्यावा. जुने डाग गिरमिटानें सोडवावे, पन्हळीचा कुजलेला भाग तुकड्यातुकड्यानें काढावा, आणि निरोगी पत्रा लागेपर्यंत मागें जावें. नवें ठिगळ त्याच जाडीच्या पत्र्याचें असावें. झांकल्या जाणाऱ्या कडांना जस्ताचें अस्तर आधींच द्यावें, कारण पुढें तेथें ब्रश पोंचत नाहीं. छपराचा पत्रा सुमारें एक मिलिमीटर जाड आणि विस्तारानें मोठा. एके ठिकाणीं उष्णता सांचली कीं तो आक्रसतो आणि लाटा धरतो. म्हणून सलग रेघ न ओढतां एक डाग येथें, दुसरा दूर तिथें, असे द्यावे आणि प्रत्येक डाग हाताला थंड लागेपर्यंत थांबावें. हें काम हाताच्या चपळाईपेक्षां धीरावर अधिक अवलंबून आहे. शेवटीं सांध्यांत नवें लुकण भरावें आणि आंतल्या पोकळींत मेणाचा फवारा मारावा.

आपल्याकडील कल्हईवाला भांडें आधीं घासून लखलखीत करतो, तापवून नवसागर टाकतो, आणि मगच कथील फिरवितो. मळक्या भांड्यावर कथील धरत नाहीं, हें त्याला ठाऊक असतें. लांबीचें नेमकें उलट आहे: ती गंजावरहि बसते, आणि कांहीं दिवस सुरेख दिसते. तिच्यांत धोका आहे तो हाच. तिच्याखालीं ओल कोंडून राहते, गंज चालूच राहतो, आणि दोन पावसाळ्यांनीं तोच फोड अधिक मोठा होऊन वर येतो. दरम्यान गाडी विकली गेली असेल, तर तें नुकसान एका अनोळखी माणसाच्या पदरीं पडतें. लांबी मुळींच वापरूं नये असें नव्हे. निरोगी पत्र्यावरील बारीक उंचसखलपणा झांकण्यापुरती ती योग्यच आहे. भोंक बुजविणें हें तिचें काम नव्हे.

नातवानें दुसरी वाट धरली असेल, तर रंग देण्यापूर्वीं तो एक दिवस छपरावर पाण्याची नळी सोडील, पन्हळ भरून वाहूं देईल, आणि केबिनींत बसून सांध्यावरून बोटें फिरवील. बोटें कोरडीं राहिलीं, तर पुढच्या आठवड्यांत रंग. ओलीं झालीं, तर लुकण खरवडून काढून पुन्हां आरंभापासून. आजोबांच्या गाडीसाठीं एवढें करणें त्याला जड वाटूं नये.