लाइटबिल तर भरलेलं होतं!

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात आपल्या क्लब हाऊसमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला विषय दिला आहे 'मोबाईल, कॅमेरे आणि आपली सुरक्षितता'. मी बँकेत ३४ वर्षं नोकरी केली म्हणून हा मान मला मिळाला असावा. पण खरी गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी स्वतः फसलेला माणूस आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळी सात वाजता मेसेज आला, 'मागील बिल अपडेट न झाल्याने आज रात्री साडेनऊला तुमचा वीजपुरवठा खंडित होईल. अधिकाऱ्याशी संपर्क साधा.' खाली दहा आकडी मोबाईल नंबर. उन्हाळ्याचे दिवस, घरात आईचं आजारपण. मी फोन लावला. समोरचा माणूस अगदी अदबीने बोलत होता. म्हणाला, "काका, एक ॲप घ्या आणि फक्त दहा रुपये भरा, लगेच अपडेट होईल." ते ॲप म्हणजे माझा स्क्रीन त्याला दाखवणारी खिडकी होती. मी कार्डाचा नंबर टाकला, तो त्याने पाहिला. ओटीपी आला, तोही त्याने वाचला. तीन व्यवहारांत ४८ हजार रुपये गेले.

मी पंख्याखाली घामाघूम बसलेलो. सौ. स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, "कुणाशी बोलत होतात? लाइटबिल? अहो, ते तर मी परवाच भरलंय!"

मी तिला काहीच सांगितलं नाही. कार्ड तेवढं गुपचूप बंद केलं. ज्याने आयुष्यभर काउंटरवर लोकांना 'पिन कुणाला सांगू नका' म्हणून बजावलं, त्याने हे कुठल्या तोंडाने सांगायचं? दोन दिवस गप्प राहिलो.

तिसऱ्या दिवशी आपल्याच बिल्डिंगमधल्या एका ताईंना तसाच मेसेज आला. त्यांचे ६० हजार गेले. त्यांचा नातू हुशार, त्याने अर्ध्या तासात १९३० ला फोन लावला. त्यातली काही रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली गेली, नंतर परत मिळाली. माझे मात्र एकही रुपया नाही. पण माझं दुःख पैशाचं नाही. मी त्याच रात्री आपल्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या असत्या, तर ताई वाचल्या असत्या. हे मी त्यांना घरी जाऊन सांगितलं. त्यांनी चहा केला आणि म्हणाल्या, "भाऊ, आता सगळ्यांना सांगा." म्हणून आज सांगतोय, त्यांच्या परवानगीने.

आता कामाच्या गोष्टी.

पहिली. पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० हा नंबर फिरवा, किंवा 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन' या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात भराभर फिरवतात. तक्रार वेळेत गेली, तर वाटेतल्या बँका ती रक्कम गोठवू शकतात. एकदा रोख काढली गेली की संपलं. त्याच वेळी आपल्या बँकेलाही कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात नियम असा होता. आपण स्वतः ओटीपी देऊन बसलो, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर जे जाईल, ते बँकेचं. म्हणजे घड्याळ आपल्याच हातात आहे.

दुसरी. वीज अशी रात्री साडेनऊला तोडता येत नाही. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. 'डिजिटल अरेस्ट' नावाचा प्रकारही कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर कुणी पोलीस किंवा न्यायाधीश बनून धमकावू लागला, तर सरळ फोन ठेवा. आणि यूपीआयवर पैसे मिळवायला पिन लागत नाही. पिन मागितला, म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत. लग्नपत्रिका किंवा चलन म्हणून 'एपीके' फाईल आली, तर ती उघडू नका. पत्रिका बघायला ॲप कशाला लागेल?

तिसरी, आपल्या कॅमेऱ्यांची. २५ वर्षांपूर्वी फ्लॅटचा ताबा मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी आधी काय केलं? बिल्डरचं लॅच काढून आपलं बसवलं. मग कॅमेरे, वाय-फायचा राउटर, स्मार्ट डोअरबेल यांचे कंपनीने दिलेले पासवर्ड तसेच का ठेवतो? २०१६ साली 'मिराय' नावाच्या व्हायरसने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबरला अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास विस्कळीत केल्या. ज्यांचे कॅमेरे होते, त्यांना पत्ताही नव्हता. गेल्या महिन्यात मी आपल्या सोसायटीच्या डीव्हीआरचा पासवर्ड विचारला. बसवणाऱ्या माणसाने ठेवलेलाच अजून चालू होता. सेक्रेटरी साहेबांनी त्याच दिवशी तो बदलून घेतला. आता तुम्ही घरी जाऊन राउटरचा बदला. जमत नसेल, तर या मागच्या रांगेतल्या मुलांना हाक मारा.

शेवटचं. आपण इथे राहायला आलो, तेव्हा गावाला जाताना किल्ली शेजारी ठेवून जायचो. कुणाच्या दारात अनोळखी माणूस दिसला, की समोरच्या घरातून विचारणा व्हायची, "कोण पाहिजे?" आज अनोळखी माणूस फोनमधून थेट माजघरात येतो, तिथे वॉचमन पोहोचत नाही. पण शेजार अजून आहे. फसलात तर लाज बाळगू नका, ओरडा. तुमची एक हाक शेजाऱ्याला वाचवेल. मी गप्प राहिलो, तुम्ही राहू नका.