शेजारधर्म आणि चुलीचा धूर



२०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आपल्या किन्हवलीतही पुष्कळ घरांत गॅस आला. पण सिलिंडर पुरवून वापरावा लागतो, म्हणून आंघोळीचे पाणी अनेकजणी अजून परसातल्या चुलीवरच तापवतात. घरात धूर नाही, म्हणून आपण निश्चिंत! पण तो शेजारच्या पडवीत शिरतो. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार असते. धूर वर न चढता वस्तीतच रेंगाळतो. त्याचे बारीक कण पाळण्यातल्या तान्ह्याच्या, दमेकऱ्याच्या फुप्फुसांत खोलवर उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरगुती धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली.

शेजारीण बोलत नाही. भांडण नको म्हणून ती मुकाट्याने खिडकी लावून घेते. माझी विनंती एवढीच, की तिने बोलण्याची वाट पाहू नये. लाकडे पावसाआधीच फोडून कोरड्या जागी रचावीत, ओली जाळू नयेत. चूल पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी घालू नये. शेजारी बाळंतीण किंवा दमेकरी असेल, तर तेवढे दिवस पाणी गॅसवर तापवावे. सिलिंडर चार दिवस आधी संपेल, पण शेजारचे लेकरू सुखाने झोपेल.