ओल, खत आणि रब्बी ज्वारी
(सोलापूर येथे कोरडवाहू शेतीविषयक परिषदेत केलेले अध्यक्षीय भाषण)



या परिषदेच्या अध्यक्षपदासाठी माझी योजना करताना चालकांनी विद्वत्तेपेक्षा वयाचा विचार अधिक केला असावा, आणि तसे असेल तर त्यांच्या निर्णयात दोष काढण्यास मला जागा नाही. ज्या पिकाच्या संगतीत नोकरीची सारी वर्षे गेली, त्या पिकाविषयी, ते जेथे पिकते त्याच भूमीवर उभे राहून बोलण्याचा मान मिळावा, याहून निवृत्त कृषिविद्यावंताने अधिक काय इच्छावे?

मंगळवेढ्याच्या काळ्या रानाला ज्वारीचे कोठार म्हणण्याची रीत जुनी आहे. पंधराव्या शतकातील दुष्काळात दामाजीपंतांनी तेथील सरकारी कोठारे रयतेला मोकळी केली, ही कथा आपण बाळपणी कीर्तनात ऐकली. २०१६ साली त्याच ज्वारीला भौगोलिक मानांकन लाभले, हे वर्तमानपत्रांत वाचले. परंतु या दोन घटनांच्या दरम्यान त्या रानात एकरी दाणा किती वाढला, हा प्रश्न कीर्तनकार विचारीत नाहीत आणि वर्तमानपत्रेही विचारीत नाहीत. १९७० च्या सुमारास देशात ज्वारीखाली पावणेदोन कोटी हेक्टरांच्या आसपास क्षेत्र होते, ते आज चाळीस लाखांच्या घरात उतरले आहे. गेलेले क्षेत्र कोठे ऊसाने, कोठे सोयाबीनने, कोठे तुरीने नेले, आणि उरलेल्यात सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा, तोही मुख्यतः रब्बीचा, राहिला. या कोरडवाहू रब्बी ज्वारीची सरासरी हेक्टरी दहा क्विंटलांच्या अलीकडेपलीकडे घुटमळत आहे. आणि त्याच शिवारात, त्याच पावसावर, नीट मशागत केलेल्या शेतात तिच्या दुप्पट रास पडते. २०२३ साली भारताच्या पुढाकाराने जगाने भरडधान्यांचे वर्ष साजरे केले, तेव्हा शहरांतून ज्वारीची बिस्किटे पुष्कळ खपली. शेणखताची एक गाडी त्या निमित्ताने कोणाच्या रानात अधिक गेल्याचे मात्र माझ्या ऐकिवात नाही.

माझे प्रतिपादन असे आहे की, रब्बी ज्वारीत पेरणीची तिथी, ताटांची संख्या, खताची मात्रा आणि कोळपणी या चारही गोष्टी जमिनीच्या खोलीने व तीत साठलेल्या ओलीने ठरवावयाच्या असतात, आणि आपण त्या तालुक्याच्या नावाने, दुकानदाराच्या सल्ल्याने किंवा पीककर्जाच्या तक्त्याने ठरवीत आलो आहोत.

खरीपाचे पीक पडत्या पावसावर वाढते. रब्बी ज्वारीची पेर होते ती पाऊस निघून जाण्याच्या बेतात असताना, आणि त्यानंतरचे तिचे चार महिने जमिनीच्या पोटात ठेव म्हणून राहिलेल्या ओलीवर जावयाचे असतात. मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाला उचलता येईल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी साठते. वीतभर मुरमाड रानात त्याच्या चौथ्या हिश्शाइतकेही राहत नाही. सोलापूरचा वार्षिक पाऊस सातशे मिलिमीटरांच्या आसपास आहे, हे वाक्य म्हणूनच शेतकऱ्याच्या फारसे उपयोगाचे नाही. दोन शेजाऱ्यांच्या बांधाच्या अल्याड-पल्याड तोच पाऊस पडून एकाच्या पदरी भाकरीची ददात नसावी आणि दुसऱ्याच्या पदरी केवळ बाटूक यावे, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

जमिनीच्या खोलीचे महत्त्व सरकारला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी दख्खनच्या जमाबंदीची जी नवी पद्धत घालून दिली, तिच्यात प्रत्येक सर्व्हे नंबराची प्रतबंदी करताना मातीचा रंग व पोत पाहत आणि तिची खोली हातांनी मोजीत. पावणेदोन हात खोल उत्तम काळी जमीन सोळा आणे, आणि तेथून खोली पाव हातापर्यंत उतरत जाई तसतशी आण्यांची संख्याही उतरत जाई. त्या प्रतबंदीचा हेतू साऱ्याची आकारणी हा होता, रयतेचे कल्याण हा नव्हे. तरीही एवढे मान्य केले पाहिजे की, शेतकऱ्याकडून घ्यावयाचे तेव्हा सरकारने जमीन खणून पाहिली, आणि त्याला सल्ला द्यावयाची वेळ आली तेव्हा तालुक्याचे नाव पुरेसे मानले.

शास्त्रज्ञांच्या पक्षी न्याय करावयाचा तर हे सांगितले पाहिजे की, कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत खोलीचा विचार आहे. फुले अनुराधा आणि फुले माऊली हे वाण हलक्या व मध्यम रानासाठी, फुले वसुधा आणि फुले यशोदा भारी रानासाठी, असा विवेक तेथे केलेला आहे. कोरडवाहूला खताची मात्राही हलक्या जमिनीत हेक्टरी २५ किलो, मध्यम जमिनीत ४० किलो नत्र व २० किलो स्फुरद, आणि भारी जमिनीत ६० किलो नत्र व ३० किलो स्फुरद अशी चढती आहे. परंतु ही तीन पायऱ्यांची शिफारस कृषिदर्शनीतून निघून बांधापर्यंत येते तेव्हा तिची एकच पायरी शिल्लक राहते: एकरी एक पोते. ते पोते भारी रानाला अपुरे पडते, आणि वरकस रानात त्याचे पैसे मातीत जातात.

या ठिकाणी थोडे इतिहासात डोकावणे उचित होईल. मुंबई इलाख्यात कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचा आरंभ १९२३ साली मांजरी येथे झाला, आणि १९३३ साली सोलापूर व विजापूर येथे स्वतंत्र केंद्रे निघाली. ना. वि. कानिटकर आणि त्यांचे सहकारी यांनी येथे जी पद्धती सिद्ध केली तिची अंगे म्हणजे बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, दोन-तीन वर्षांनी शेणखत, कमी बियाणे, रुंद पाभर आणि वारंवार कोळपणी. त्या पद्धतीविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे, आणि आजही तिच्यातील एकही अंग टाकाऊ ठरलेले नाही. तथापि तिने उत्पन्नात घातलेली भर बेताचीच होती, आणि त्याचे कारण मला असे दिसते की, तिने पाणी जमिनीत मुरविले, पण त्या पाण्याचे दाण्यात रूपांतर करण्यास जे नत्र लागते त्याची तजवीज जवळजवळ केलीच नाही. एक क्विंटल ज्वारी आणि तिच्याबरोबरचा कडबा मिळून जमिनीतून सुमारे दोन ते अडीच किलो नत्र उचलून नेतात. आपल्या काळवट रानात सेंद्रिय कर्ब बहुधा अर्ध्या टक्क्याच्याही खाली, गोवऱ्या चुलीत, जनावरे बाजारात, अशा स्थितीत ते नत्र दरसाल यावे कोठून?

१९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला आणि खरीप ज्वारीचे चित्र पालटले. रब्बीचे पालटले नाही. मोहोळच्या केंद्रात १९३० नंतरच्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेली मालदांडी ३५-१ अजूनही आपले स्थान राखून आहे, आणि याबद्दल शेतकऱ्याला पुराणप्रिय म्हणणाऱ्यांनी तिचा मोत्यासारखा टपोरा दाणा, जनावरे आवडीने खातात तो कडबा आणि कोरड सोसण्याची तिची ताकद यांचा एकत्र विचार करावा. मला आक्षेप आहे तो वाणावरच सारी भिस्त ठेवण्याला. उत्तम वाण उपाशी रानात पेरून त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करणे, ही आपल्या काळातील एक शिष्टसंमत अंधश्रद्धा होऊन बसली आहे.

खत दिले की ओल लवकर संपते, ही समजूत गावोगाव आढळते आणि ती अगदीच निराधार नाही. मात्र बेताचे नत्र योग्य खोलीवर पडले तर मुळे लवकर खाली उतरतात, पान लवकर जमिनीवर सावली धरते, आणि जी ओल एरवी भेगांवाटे उडून गेली असती ती ताटात चढते. म्हणजे तेवढ्याच पाण्यात दाणा अधिक. परंतु नत्र अतोनात आणि ताटे दाट असली, तर पीक पोटरीत येईपर्यंत हिरवेगार, डौलदार, पाहणाऱ्याला भुरळ पाडणारे दिसते आणि दाणे चिकात असताना ओल सरते. मग मातीतली बुरशी बुंध्यात शिरते, ताट आतून पोकळ होते आणि वाऱ्याच्या झोताबरोबर रानच्या रान आडवे पडते. हा खडखड्या. त्याला आपण रोग म्हणतो, आणि तो रोग आहेच. पण त्याची मुळे पुष्कळदा पेरणीच्या दिवशी केलेल्या चुकीच्या हिशेबात असतात.

आता खत कसे द्यावे याविषयी. आपली जमीन चुनखडीची व विम्लधर्मी; तीवर युरिया फोकून दिला तर त्यातला बराच नत्रांश अमोनियाच्या रूपाने हवेत जातो, आणि स्फुरद मातीत विखुरले तर चुन्याशी बांधले जाऊन मुळांना दुरावते. यास्तव दोन चाड्यांची पाभर. एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत, आणि खत बियाण्याखाली ओलीत पडलेले. बागायतात नत्र दोन हप्त्यांनी देता येते, कोरडवाहूत मात्र सारे पेरणीबरोबरच द्यावे लागते, कारण नंतर वरून टाकलेले खत खाली नेण्यास पाऊस येणार नसतो. हे अवजार काही नवे नाही, स्वस्त आहे, गावच्या सुताराला ठाऊक आहे. तरीही ट्रॅक्टरच्या मागे जे पेरणीयंत्र भाड्याने येते त्याचे खताचे चाडे पुष्कळदा रिकामेच फिरते, आणि पोते नंतर हाताने फेकले जाते.

ताटांच्या संख्येबाबत एक सोपी आकडेमोड मी आपल्यापुढे ठेवतो. ४५ बाय १५ सेंटिमीटर अंतराने हेक्टरी सुमारे दीड लाख ताटे बसतात. दहा किलो बियाण्यात, टपोऱ्या दाण्याचे वजन धरूनही, तीन लाखांच्या आसपास दाणे असतात. म्हणजे मूठ कितीही जपून सोडली तरी रानात गरजेच्या दुप्पट बी पडणारच. उगवणीतली तूट आणि खोडमाशीने केलेली पोंगेमर वजा जाता जी जादा रोपे उरतात ती दहा-बारा दिवसांत विरळली नाहीत, तर ती पुढे महिनाभर ओल पितात आणि देत काहीच नाहीत. विरळणीला मजुरी पडते हे खरे. पण खतावर खर्च करून विरळणीवर काटकसर करणाऱ्याने तोच खर्च दुप्पट रोपांना वाटून दिलेला असतो. हलक्या रानात तर ही संख्या दीड लाखांच्याही खाली आणावी, असे माझे मत आहे.

पेरणीची तिथी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. त्यापूर्वी पेरले तर खोडमाशी, आणि उशीर केला तर ओल निघून गेलेली. बियाण्यास काणीसाठी किलोला चार ग्रॅम गंधक चोळणे हे इतके स्वस्त आहे की त्याविषयी अधिक बोलण्यात मला संकोच वाटतो. कोळपण्या तीन: तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात, शेवटची दातेरी कोळप्याने, भेगा बुजविण्यासाठी. आणि शेततळ्यातले किंवा विहिरीतले एकच पाणी हाती असेल, तर ते पीक पोटरीत असताना, पन्नास-पंचावन्न दिवसांच्या सुमारास द्यावे. दया येऊन आधी दिलेले पाणी कडब्यात जाते.

शेणखताचा तुटवडा भाषणांनी भरून निघणार नाही. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला रानात पसरल्यास नत्राची काही गरज भागते, हे सोलापूरच्याच केंद्रात पाहिलेले आहे. भारी रानात खरीपात मूग घेऊन मग ज्वारी पेरणे, किंवा ज्वारीनंतरच्या वर्षी हरभरा, हेही चांगले. मात्र गिरिपुष्पाची रोपे मोफत वाटून कोणी बांध हिरवे झाल्याची नोंद दप्तरात करू नये. शेळ्यांचेही त्या पाल्याविषयी काही मत असते.

या परिषदेने सरकारदरबारी एकच मागणी करावी, असे मी सुचवितो. सर्व्हे सेटलमेंटच्या वेळची प्रतबंदी जुनी झाली. तेव्हापासून कितीतरी सोळा आणे जमिनीचा वरचा थर नाल्याला गेला आहे. मृदा आरोग्य पत्रिकेवर नत्र, स्फुरद, पालाश यांचे आकडे छापले जातात, त्यांच्या शेजारी त्या गटाच्या मातीची खोली छापली जावी, आणि खताची मात्रा, वाण व ताटांची संख्या ही तिन्ही त्या खोलीच्या खाली लिहिलेली असावीत. पहार आणि मोजपट्टी एवढ्या साहित्यावर हे काम होते. कर्जवाटपाचा तक्ताही मग त्याच आकड्यावर बसवावा लागेल, आणि त्यास अधिकोषांकडून विरोध होईल; तो व्हावा, म्हणजे निदान चर्चा तरी होईल.

शास्त्रज्ञ मित्रांकडे मात्र माझी याहून कठीण मागणी आहे. खरीपाच्या शेतकऱ्याला पेरताना पुढचा पाऊस ठाऊक नसतो. रब्बीच्या शेतकऱ्याला त्याचे बरेचसे पाणी पेरणीच्या दिवशीच मोजता येते. हा लाभ आपण अद्याप वापरलेला नाही. खोली दोन हात, पण सप्टेंबर कोरडा गेल्यामुळे ओल हातभरच, अशा वर्षी ६० किलो नत्राची शिफारस किती खाली आणावी, त्याबरोबर ताटे किती कमी करावी, आणि पुढे परतीचा पाऊस झालाच तर ती तूट भरून काढावी की सोडून द्यावी? पहिल्या सत्रातील निबंध खडखड्यावर आणि नत्राच्या मात्रेवर आहेत. प्रत्येक निबंधकाराने आपल्या प्रयोगात पेरणीच्या दिवशी किती खोलीपर्यंत ओल होती हे प्रथम सांगावे आणि मग उत्पन्नाचे आकडे वाचावेत, अशी विनंती करून मी सत्राचे काम सुरू करण्याची अनुज्ञा देतो.