जिना चढणारी पोरं



विद्यार्थी नेतृत्वाचा विषय निघाला की अध्यक्ष मंडळी हमखास भविष्यकाळात बोलू लागतात. उद्याचे नागरिक, उद्याचे शिल्पकार वगैरे. मुले टाळ्या वाजवतात. हा 'उद्या' नेमका कोणत्या तारखेला उजाडणार, हे कोणी विचारत नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या मुलांनी १८४८ साली अशी तारीख कुणाकडे मागितली नव्हती.

त्या वर्षी जूनमध्ये त्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. मुंबई विद्यापीठाची स्थापना व्हायला तेव्हा नऊ वर्षे बाकी होती. सुरुवात साधीच होती. कोणी निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी त्यावर वाद घालायचा. लवकरच मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या; मराठी शाखेच्या अध्यक्षपदी दादोबा पांडुरंग होते. पुढे १८५० मध्ये 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिक सुरू झाले आणि विज्ञान, भूगोल, इतिहास मराठीत लिहिला जाऊ लागला. एवढ्यावर थांबले असते तरी इतिहासात त्यांना एक परिच्छेद मिळाला असता.

पण स्त्रीशिक्षणावर एक निबंध वाचला गेला आणि त्यांचे प्राध्यापक पॅटन यांनी, नुसते बोलून काय होणार, अशा अर्थाची टोचणी लावली. ती लागली. शिक्षण संपवून तिथेच शिकवू लागलेले चोवीस वर्षांचे दादाभाई नौरोजी आणि त्यांचे सोबती घरोघर फिरू लागले. तुमच्या मुलींना शिकवू द्या, घरात नको तर व्हरांड्यात शिकवतो, एवढीच विनंती. कुठे दार उघडले, कुठे जिन्यावरून खाली ढकलून देण्याची धमकी मिळाली. ऑक्टोबर १८४९ मध्ये वर्ग सुरू झाले तेव्हा ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली आल्या. वर्ग सकाळी भरत. शिकवणारे बिनपगारी होते आणि त्यानंतर त्यांना स्वतःचे कॉलेज गाठायचे असे.

हे सगळे स्वतःच्या पायावर उभे राहू लागल्यावर मोठी माणसे आली. कामा कुटुंबाने पैसे दिले, नाना शंकरशेट यांनी आपल्या वाड्यात मराठी मुलींच्या शाळेला जागा दिली. संस्थेची मुलींची शाळा गिरगावात आजही चालते. यातला क्रम नीट पाहावा. मुलांनी काम काढले, शिव्या खाल्ल्या, पट भरला. मग वडीलधाऱ्यांनी जागा आणि पैसा दिला, आणि काम मुलांच्याच हाती राहू दिले. आपल्याकडे आता आधी निधी येतो, मग समिती, मग फलक, मग उद्घाटक ठरतो. शेवटी खुर्च्या भरायला विद्यार्थी बोलावतात.

त्याच सुमारास पुण्यात याहून अवघड गोष्ट घडत होती. एल्फिन्स्टनची मुले कितीही धडपडी असली तरी त्यांच्या पाठीशी इंग्रजी शिक्षण होते, प्राध्यापक होते, नाव होते. जोतीराव-सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेपाशी यातले काही नव्हते. मांग समाजातल्या या कोवळ्या वयाच्या मुलीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. वेदांवर आमचा हक्क नाही तर आमचा धर्म कोणता, असा प्रश्न ती त्यात करते. बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बायकांचे हाल ती सांगते. आपल्याच लोकांना शिकण्याचे आवाहनही करते. तिने मोर्चा काढला नाही, पद घेतले नाही. तरी तिला विद्यार्थी नेता म्हणू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी आपली नेत्याची व्याख्या एकदा तपासावी, असे प्रस्तुत वक्त्याचे मत आहे.

नंदुरबारचा शिरीषकुमार सर्वांना ठाऊक आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी मिरवणुकीत झेंडा घेऊन गोळ्या झेलणारा पंधरा वर्षांचा मुलगा. त्याच्यासोबत आणखी चौघे गेले. त्यांच्या धैर्याविषयी बोलायला आपली वाणी तोकडीच आहे. पण हुतात्म्याला वर्षातून एकदा हार घालणे सोपे जाते, कारण तो उत्तर मागत नाही. जिवंत विद्यार्थी नेता मेसच्या जेवणाबद्दल विचारतो, बसच्या पासाबद्दल विचारतो, शुल्काची पावती मागतो. तो नकोसा होतो.

असा जिवंत नेता पदाशिवायही घडतो. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये वसतिगृह काढले. गांधीजींनी १९२७ मध्ये तिथे येऊन त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग' असे नामकरण केले. वेगवेगळ्या जातींची मुले तिथे हाताने स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीत जेवत. त्या काळी गावाकडच्या मुलाला घरी जाऊन हे सांगणे म्हणजे अर्ध्या भावकीशी भांडण होते. सुट्टीत ते भांडण अंगावर घेणारा मुलगा आपल्या वाडीवस्तीत एकटाच चळवळ चालवीत होता, फक्त त्याच्या छातीवर बिल्ला नव्हता.

आता आजच्याकडे वळू. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० स्वयंसेवकांसह सुरू झाली. तिने खेड्यापाड्यांत खरोखर काम केले आहे, हे इथल्या अनेकांना अनुभवाने माहीत आहे. पण दोन वर्षांचे २४० तास आणि सात दिवसांचे शिबिर हा हिशेब हळूहळू हजेरीचा झाला. गावाने कोणते काम मागितले होते आणि वर्षभराने तो बंधारा कसा आहे, याची वही किती महाविद्यालयांत सापडेल?

विद्यार्थी निवडणुकांचे तर विचारूच नका. हिंसाचाराचे कारण देऊन महाराष्ट्रात त्या गुंडाळल्या. मग १९९४ च्या विद्यापीठ कायद्याखाली वर्गप्रतिनिधी परीक्षेतल्या गुणांवर नेमला जाऊ लागला. पहिला आला म्हणून पुढारी. त्या निकषावर एल्फिन्स्टनची काही मुले कदाचित पात्र ठरली असती, मुक्ता साळवे नव्हे. २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. तरतूद मात्र बराच काळ पुस्तकातच पडून राहिली.

म्हणून ठराव समितीपुढे अध्यक्षांची सूचना अशी. प्रत्येक महाविद्यालयाने विद्यार्थ्यांना एक खोली किल्लीसकट द्यावी, खर्चाला थोडी रक्कम द्यावी, आणि तिचा जमाखर्च त्यांनीच लिहून सूचना फलकावर लावावा. काम कोणते करायचे ते त्यांनी वस्तीत फिरून ठरवावे. आपल्यापैकी एका प्राध्यापकाने पॅटन यांच्यासारखी टोचणी तेवढी लावावी आणि फोटोच्या वेळी बाजूला उभे राहावे. दुपारच्या सत्रात यावर विद्यार्थ्यांनी आधी बोलावे, प्राध्यापकांनी नंतर. आणि वेळ संपली तर प्राध्यापकांची भाषणे लेखी घ्यावीत.